स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांसाठी लाकूड निवडताना: सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

वखारीत शिरल्या शिरल्या बहुतेक जण सागाचा भाव विचारतात. भाव कळायला हवाच, पण तो नंतर. आधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: ओट्याखालच्या कुठल्या भागाला सलग लाकूड लावायचं, घर कुठल्या तालुक्यात आहे आणि समोरची फळी किती सुकलेली आहे. लाकडाची जात या तिन्हींच्या मागून येते. हा क्रम उलटा केला की महागातला साग घेऊनही आषाढात ट्रॉलीचा पल्ला, म्हणजे दार, लागत नाही, आणि चैत्रात त्याच पल्ल्याच्या फटीतून आतले डबे दिसतात.

तालुक्याचं एवढं काय? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. पाटण, जावळी, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. जत, आटपाडी, माण, खटावात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की जुनी दारं रात्री तडतडतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, म्हणून ते फुगतं आणि आक्रसतं. हे सगळं रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ नाहीच. सोळा इंच रुंद सागाच्या फळीचा ओलावा ७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर ती साधारण पावणेचार मिलिमीटर फुगते. सुतारांच्या भाषेत सव्वा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन पल्ल्यांमध्ये एका सुताची फट ठेवलेली असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. आणि हा हिशोब सागाचा आहे, जो कमीत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक.

सलग लाकूड कुठे आणि कुठे नको

सगळी ट्रॉली, आतल्या पेट्यांसकट, सलग लाकडात करायचा हट्ट धरू नका. पेटीच्या बाजू, तळ आणि मागची पाठ रुंद असतात, आणि रुंद लाकूड जास्त हलतं. तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, किंवा आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले कडाप्प्याचे उभे पार्टिशन ठेवा. सलग लाकूड पल्ल्यांना, पुढच्या चौकटीला, ड्रॉवरच्या दर्शनी फळीला आणि भिंतीवरच्या उघड्या मांडणीला. हात, डोळा आणि ओलं फडकं यांचा रोजचा संबंध येतो तो याच भागांशी, आणि पुढे दुरुस्ती करायची झाली तर तीही इथेच सोपी.

सिंकखाली लाकडाची पेटी करूच नये. तिथे कडाप्पा किंवा स्टीलची चौकट आणि पुढे फक्त पल्ला. फरशीपासून चार इंच दगडाची पट्टी उचलून घ्या आणि लाकूड त्यावर सुरू करा. पुसण्याचं पाणी रोज लाकडाच्या खालच्या टोकाला लागलं तर कुठल्याही जातीचा निभाव लागत नाही.

कृष्णाकाठच्या घरांचं गणित थोडं वेगळं आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा-तंतू दाबून केलेला बोर्ड, एकदा पाण्यात फुगला की परत पूर्वीसारखा होत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो. सलग लाकडाचा पल्ला मात्र वाचू शकतो: बिजागरीवरून उतरवायचा, स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, सावलीत पट्ट्यांवर आडवा ठेवून वर वजन देऊन महिना-दोन महिने सुकू द्यायचा. म्हणून सांगली, मिरज, पलूस, वाळवा भागात तळमजल्यावर राहत असाल तर खाली कडाप्पा आणि पुढे चटकन उतरवता येतील असे सलग लाकडाचे पल्ले, हीच रचना मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पूर येणार अशी बातमी आली की पल्ले माळ्यावर टाकता येतात, हा आणखी एक फायदा.

कुठलं लाकूड

पाइन आणि देवदार ही सूचिपर्णी झाडांची लाकडं इथे धरलेली नाहीत. ओट्याखाली ती लवकर दबतात.

साग पहिला, आणि त्याचं कारण नुसता मान नाही. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि तो हलतो कमी. पण हे गुण गाभ्याचे आहेत. खोडाच्या कडेचा पांढुरका भाग सागाचाच असला तरी त्याला वाळवी लागते आणि भुंगाही लागतो. वखारीत ‘साग’ म्हणून दाखवलेल्या फळीत दोन्ही कडांना बोट-बोट पांढरं असेल तर तेवढं लाकूड तुम्ही पैसे मोजून जळणासाठी घेताय असं समजा. पटत नसेल तर भाव करताना पांढरं सोडून माप धरायला सांगा. चांगला वखारवाला ऐकतो.

आपल्याकडे साग तीन वाटांनी येतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, ज्याला व्यापारी ‘सीपी’ (जुन्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसवरून) म्हणतात. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेला तो हाच साग. दुसरा दांडेलीकडचा. तिसरा परदेशी: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा, बराचसा कांडला बंदरातून उतरतो. लागवडीचा कोवळा साग वाईट नसतो, पण त्यात पांढरं जास्त आणि वलयं रुंद असतात. पल्ल्याच्या आतल्या पॅनलला तो चालतो. चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना जुन्या झाडाचा, दाट रेघांचा घ्या. ‘आफ्रिकन टीक’ या नावाखाली इरोको विकला जातो. ते टिकाऊ लाकूड आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही, पण तो साग नाही आणि सागाचा भाव त्याला द्यायचा नाही. खात्री करायची तर टोकाला रंध्याचे दोन हात मारायला सांगा. सागाला ताज्या रंध्यावर चामड्यासारखा वास येतो, बोटाला किंचित तेलकट लागतं, वलयं स्पष्ट दिसतात. रंग हिरवट-पिवळा किंवा पट्ट्यापट्ट्यांचा दिसला तर घाबरू नका. उजेडात काही आठवड्यांत तो सोनेरी तपकिरी होतो. याच कारणाने एका स्वयंपाकघराचं सगळं लाकूड एकाच वेळी चिरून घ्यावं.

फणसाकडे लोक फळापलीकडे बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं. पाटण, जावळी, शिराळा भागात तो मिळतो. गाभा पिवळाधमक, पुढे मधासारखा गडद होत जातो, वाळवी कमी लागते, पॉलिश सुरेख बसतं. रेघा उलटसुलट असल्यामुळे रंधा मारताना खपल्या निघतात, त्यामुळे पातं धारदार आणि काप बारीक हवा. पश्चिमेकडच्या ओल्या तालुक्यांसाठी, बजेट सागाचं नसेल तर, मी आधी फणसच सुचवेन.

शिवण हलकी, फिकट आणि अतिशय शांत, म्हणजे फुगणं-आक्रसणं कमी. ड्रॉवरच्या बाजूंना याहून बरं लाकूड नाही. दर्शनी पल्ल्याला मात्र नको, भांडं लागलं की खड्डा पडतो. कडुनिंब महोगनीच्याच कुळातला. कीड त्याला टाळते, बांधावर भरपूर मिळतो, पण त्यात सरळ आणि लांब फळी क्वचित निघते. मांडणीच्या आखूड फळ्यांसाठी तो वापरा.

आईन आणि किंजळ जड, चिवट, दणकट. जुन्या घरांच्या तुळया बहुतेक याच. सुकताना मात्र तडे जातात. शंभर वर्षं सुकलेली तुळई मिळाली तर चौकटीसाठी सोनं. नवा आईन पल्ल्याला लावू नका. जांभूळ पाण्यात टिकतो, म्हणून विहिरीत टाकायची पद्धत आहे, पण सुकताना पिळतो. बाभूळ औतांसाठी ठीक, त्याचे पल्ले करू नका. आंबा स्वस्त, पण कापल्यापासून थोड्या दिवसांत निळसर डाग आणि भुंगा. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेला असेल तरच घ्या. रबरवुडच्या जोडफळ्यांनाही हाच नियम.

बिबला सुंदर दिसतो, पण सिंकजवळ लावू नका. त्याचा अर्क पाण्यात उतरतो; मधुमेहासाठी बिबल्याच्या पेल्यात पाणी ठेवून पितात ते याचमुळे. ओल्या हाताचे पिवळट ओघळ ग्रॅनाइटवर बघायचे नसतील तर तो दिवाणखान्यात शोभतो.

परदेशी लाकडांत स्टीम बीच आणि अ‍ॅश सध्या चलतीत आहेत. दिसायला स्वच्छ, गाठी नाहीत, रंध्याला मऊ. पण ओलावा बदलला की बीच सागाच्या दुपटीहून जास्त हलतं आणि वाळवीपुढे टिकत नाही. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत, तेही चांगलं पॉलिश करून, चालेल. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यात बीचचे पल्ले लावणाऱ्या डिझायनरला एकदा जुलैत तिथे राहायला बोलवावं. ओक, आईन, बाभूळ यांत टॅनिन भरपूर असतं. ओलाव्यात साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग पडतात. तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्क्रूच वापरा.

बांधावरचं झाड, वाड्याची तुळई

आपल्या भागात अनेकांकडे स्वतःचंच लाकूड असतं. बांधावरचा साग किंवा फणस तोडायचा असेल तर आधी परवानगी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत साग, आईन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा, बिबला ही सगळी झाडं आहेत. झाड आपल्या मालकीचं असलं तरी परवानगी लागते आणि तोडल्यावर माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. वन विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात सातबारा घेऊन चौकशी करा, आणि हे काम ट्रॉल्या करायच्या निदान वर्षभर आधी सुरू करा. झाड तोडल्यावर ओंडका पावसात पडू द्यायचा नाही. लगेच चिरून इंच-सव्वा इंचाच्या फळ्या करायच्या, टोकांना ऑइलपेंट फासायचा म्हणजे टोकाकडून तडे जात नाहीत, आणि शेडमध्ये थप्पी लावायची: प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या सारख्या पट्ट्या, दर दोन फुटांवर, वरच्या पट्ट्या खालच्यांच्या बरोबर डोक्यावर. पट्ट्या पुढेमागे झाल्या की फळीला बाक आलाच.

जुन्या वाड्याचं लाकूड हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा, हाताळायला वेळ असेल तर. वाई, सातारा, कऱ्हाड, मिरजेत वाडे उतरतात तेव्हा तुळया, खांब, पाट, दारं विकायला निघतात. इतकं सुकलेलं, दाट रेघांचं लाकूड आता नव्याने मिळणं कठीण. घेताना तुळईवर लाकडी दांड्याने ठोकत जा. आवाज खणखणीत असेल तर उत्तम, भदभद आला तर आत वाळवीने पोखरलंय. जे टोक भिंतीत गाडलेलं होतं ते बहुधा कुजलेलं असतं, फूटभर सोडूनच माप धरा. खिळे सगळे काढले असं विकणारा सांगेल. तरी चिराईला न्यायच्या आधी ताकदवान चुंबक चारी बाजूंनी फिरवा. एका मोडक्या खिळ्याने करवत मिलचं पातं गेलं की त्याचे पैसे तुमच्याकडून, आणि पुढच्या वेळी मिलवाला तुमचं लाकूड घेतही नाही. बाहेरचा काळा, चुन्याने माखलेला थर बघून माघार घेऊ नका. दोन सूत खाली बहुतेकदा झकास रंग निघतो.

फळी पारखणं

टोकाकडून बघायची सवय लावा. वलयं जाडीत उभी उतरलेली दिसली तर ती फळी गाभ्याच्या दिशेने चिरलेली. तिचं फुगणं आडव्या वलयांच्या फळीच्या जवळपास निम्मं. वलयं आडवी, कमानदार दिसली तर ती जास्त हलणार आणि वाकणार. चौकटीच्या उभ्या पट्ट्या पहिल्या प्रकारातून काढा. कमानदार नक्षी पॅनलला ठेवा, तिथे ती शोभते. मग फळी डोळ्यासमोर धरून लांबीत बघा: नुसता बाक असेल तर आखूड तुकड्यांत निघून जातो, पीळ असेल तर फळी तिथेच ठेवा.

आता ओलावा. वखारवाला ‘सिझन केलेलं आहे’ म्हणेल. मानाने ऐकून घ्या आणि मीटर लावा. दोन सुयांचा मीटर महाग नसतो. तो वरच्या अंगाला न लावता ताज्या कापावर लावायचा, कारण वरचं अंग नेहमी सुकंच असतं. माण, खटाव, जत, आटपाडीला ८ ते १० टक्के, कऱ्हाड-सातारा-सांगली पट्ट्यात १० ते १२, पश्चिमेला १२ च्या आसपास ही मर्यादा मी धरतो. मीटर नसेल तर टोकापासून फूटभर आतला एक तुकडा कापून आणा, घरच्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर ठेवा. मधून मधून वजन करत राहा. ते उतरायचं थांबलं की झालं. २३० ग्रॅमचा तुकडा २०० वर थांबला तर ३० भागिले २००, म्हणजे १५ टक्के. अशी फळी लगेच कापायला घेऊ नका, आणखी महिना-दोन महिने थप्पीत राहू द्या. लाकूड कुठूनही आणलं तरी कामाआधी किमान दोन-तीन आठवडे ते ज्या घरात बसणार त्याच घरात ठेवावं.

सुकलेलं लाकूड कानाला कसं लागतं हे ऐकायचं असेल तर मिरजेला सतारमेकर गल्लीत चक्कर टाका. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तून लाकूड वापरतात. तून हलकं असतं आणि भिंतीवरच्या कपाटांना बरं पडतं, ओट्याखाली मऊ पडेल.

किती लागेल

घनफुटाचा हिशोब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. समजा १६ बाय २६ इंचाचे आठ पल्ले करायचे. उभ्या पट्ट्या सोळा, आडव्या सोळा, कुसांसकट (सांध्याच्या भोकात शिरणाऱ्या टोकांसकट) मिळून ५२ फूट. अडीच इंच तयार रुंदीसाठी कच्चं पावणेतीन इंच आणि इंचभर जाडी धरली तर हे एक घनफूट. आठ पॅनल, १२ बाय २२ इंच, पाच सूत कच्च्या जाडीचे: पाऊण घनफूट. गाठी, तडे, पांढरं आणि रंध्यात जाणारं यासाठी चाळीस टक्के वाढवा. एकूण अडीच घनफूट. बऱ्याच घरांत सागाचा नुसता विचार करूनच माघार घेतली जाते, पण आठ पल्ल्यांना एवढंच लागतं. त्यामुळे भाव करताना घासाघीस कमी आणि निवड जास्त करा. हव्या त्या फळ्या बाजूला काढू देत असेल तर दोन पैसे जास्त दिलेले परवडतात.

ओंडका घेरावर विकत घेणार असाल तर सावध. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी या जुन्या मापात खरं आकारमान निघतं त्यापेक्षा कमी धरलं जातं. तो फरक चिराईत जाणाऱ्या लाकडासाठीच असतो. भाव त्या मापाचा आहे की चिरलेल्या मालाचा, हे आधी स्पष्ट बोलून घ्या.

मिस्त्रीला काय सांगायचं

पल्ला एका अखंड फळीचा नको. चौकट आणि आत मोकळं पॅनल. चौकटीची तयार जाडी २० ते २२ मिलिमीटर, सांधे कूस काढून घातलेले. पॅनल खाचेत नुसतं बसवायचं, त्याला फेव्हिकॉल लावायचा नाही. ‘साहेब, हलंल की ते’ असं मिस्त्री म्हणेल. हलू दे, त्यासाठीच ते मोकळं आहे. आवाज नको असेल तर वर आणि खाली मधोमध एकेक ठिपका डिंक पुरे.

खाच किती ठेवायची ते महिन्यावर ठरतं. काम एप्रिल-मेमध्ये होत असेल तर पॅनल आता सगळ्यात आक्रसलेलं आहे, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सूत फुगायला जागा सोडा. काम पावसाळ्यात असेल तर ते सगळ्यात फुगलेलं आहे. तेव्हा खाच तीन-चार सूत खोल घ्या आणि पॅनल जवळजवळ तळापर्यंत घाला, नाहीतर उन्हाळ्यात ते खाचेबाहेर डोकावेल. पॅनलला पॉलिशचा पहिला हात जोडणीआधीच द्या, म्हणजे आक्रसल्यावर कडेला कोरी रेघ दिसत नाही. माझा कौल ऑक्टोबर-नोव्हेंबरला: हवा मधली, मिस्त्रीही दिवाळीनंतर मोकळे.

सागाच्या तेलामुळे सांधा नीट चिकटत नाही. कूस आणि भोक ताजं तासून, थिनरच्या फडक्याने पुसून, लगेच डिंक लावायचा. सागात सिलिका असते, पाती लवकर बोथट होतात. मिस्त्री त्याची मजुरी जास्त मागत असेल तर ती मागणी रास्त आहे.

पॉलिश

लाखेचं पॉलिश देवघराला द्या. स्वयंपाकघरात गरम भांडं, वाफ आणि साबणाचं पाणी याला ते पुरत नाही. जवसाचं तेल दिसायला छान, पण पश्चिमेकडच्या तालुक्यांत त्यावर बुरशी धरते. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या, आणि ते आतून-बाहेरून सारखेच हात द्या. आतली बाजू कोणाला दिसते म्हणून सोडली की पल्ला वाकतो, कारण एका अंगाने ओलावा आत येतो आणि दुसऱ्याने येत नाही. खालच्या कडेला आणि सांध्यांच्या टोकांना दोन हात जादा. फोडणीच्या डोक्यावरच्या कपाटाला मॅट घेऊ नका. तेलाचा थर मॅटवरून निघत नाही. मेलामाइन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश वापरणारच असाल तर भर पावसात नको, दमट हवेत ते पांढुरकं होतं.

पहिल्या श्रावणात एखादा पल्ला घासायला लागला तर मिस्त्रीला रंधा घेऊन बोलावू नका. बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून बघा, तेवढ्याने भागलं नाही तर पल्ला उतरवून माळ्यावर ठेवा आणि दिवाळीला परत लावून बघा. तेव्हाही घासत असेल, तर मग रंधा.